तोमाचं वाईट वाटतं, म्हणून मित्राला होकार देऊ का?

ताई,

मी 25 वर्षांची आहे. मूळची साताऱ्याची, नोकरीसाठी पुण्यात असते. जपानी शिकत होते, वाचनाचा सराव व्हावा म्हणून मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, हातात घेतली आणि आता रात्री झोपण्याआधी त्यातल्या प्रेमकथा वाचल्याशिवाय चैन पडत नाही. अडचण अशी की मला नायक कधी आवडतच नाही. माझा जीव अडकतो तो दुसऱ्या मुलात, ज्याला नायिका मिळत नाही त्याच्यात. 'आओ हारु राइड'मधल्या तोमासाठी मी इतकी रडले की रूममेटला वाटलं घरी काहीतरी झालंय. खरं कारण कळल्यावर ती पोट धरून हसली.

पण लिहितेय ते वेगळ्याच कारणासाठी. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राने मध्यंतरी मला विचारलं. मुलगा खरंच चांगला आहे. मला त्याच्याबद्दल तसं काही वाटत नाही, पण तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून 'आत्ता नको, बघू पुढे' म्हणाले. तो हसून 'चालेल' म्हणाला. तेव्हापासून ग्रुपमध्ये कमी येतो. मी रात्री मेसेज करून त्याची विचारपूस करते, तो नीट उत्तरं देतो. पण हल्ली वाचताना तोमाच्या जागी मला त्याचाच चेहरा दिसतो. मैत्रिणी म्हणतात, एवढा चांगला मुलगा, काय कमी आहे त्याच्यात? मलाही वाटायला लागलंय की हो म्हणून टाकावं, प्रेम काय नंतरही होईल. निदान एकाला तरी त्याचं माणूस मिळेल. काय करू?

— तोमाची बाजू घेणारी

~

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या हसण्याचं बोलू. तू रडलीस त्यात हसण्यासारखं काहीही नाही. ज्याचं हुकलं त्याच्यासाठी जीव तुटणं आपल्याला काही नवीन नाही. महाभारत जिंकलं पांडवांनी, पण पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणूस हळहळत आला तो कर्णासाठी. तेव्हा रूममेटला हसू दे. दुसऱ्याचं दुःख इतकं आतून लागतं, हा तुझा गुण आहे आणि तो तू कधी सोडू नयेस असं मला मनापासून वाटतं.

आणि तोमा तुला आवडावा अशी तजवीज लेखिकेनेच केलेली आहे. इओ साकिसाका यांची ही कथा 2011 ते 2015 या काळात 'बेस्सात्सु मार्गारेट' या मासिकातून क्रमशः येत होती, पुढे तिचे 13 खंड झाले. महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रेमकथेत वाचक पुढच्या अंकाची वाट बघतो ती मुख्यतः एका गोष्टीसाठी: नायकाच्या मनात नेमकं काय आहे? ते लगेच कळलं तर गोष्टच संपली. म्हणून नायक कोउ आपल्याला बराच काळ नायिका फुताबाच्या नजरेतूनच दिसतो. अर्धं बोलणारा, तोंड फिरवणारा, जवळ येता येता मागे सरकणारा. तोमाच्या बाबतीत हे काही झाकायचं कारण नसतं. तो लाजला की पूर्ण लाजलेला दिसतो. मांगात मनातलं बोलणं फुग्याबाहेर, चेहऱ्याशेजारच्या मोकळ्या जागेत छापतात, तुला माहीतच आहे. दुसऱ्या मुलाच्या मनातलं आपल्याला तिथे नायिकेच्या आधी वाचायला मिळतं. त्याचं गुपित त्याला आणि आपल्यालाच ठाऊक असतं, आणि ज्याचं गुपित आपण सांभाळतो त्याची बाजू आपण घेतोच.

आता तुझ्या मित्राकडे बघ. त्याच्या चेहऱ्याशेजारी काही छापलेलं नाही. तुझ्याकडे आहे ते एवढंच: एक हसून म्हटलेलं 'चालेल', ग्रुपमध्ये कमी झालेलं येणं आणि मेसेजला दिलेली नीट उत्तरं. बाकी सगळं तू भरलंयस, आणि भरायला मजकूर तोमाचा घेतलायस. तो कमी येतो कारण त्याला लागलंय, हे अगदी शक्य आहे. ऑफिसचं काम वाढलं असेल, हेही शक्य आहे. किंवा तो आपला आपण सावरतोय आणि त्यासाठी थोडं लांब राहणं त्याला बरं पडतंय. यातलं खरं काय, ते त्यालाच माहीत. तू मात्र रोज रात्री त्याला दुःखात बसवतेस आणि मग तुलाच ते बघवत नाही.

'हो म्हणून टाकावं' यावर मला जास्त बोलायचंय, कारण तू करायला निघालीस तेच फुताबाने केलंय आणि ते तू वाचलंयस.

कोउ नारुमी नावाच्या दुसऱ्या मुलीच्या दुःखात गुंतलेला असतो, फुताबाच्या वाट्याला येत नाही, आणि तोमा समोर उभा असतो. प्रेमळ, सरळ, तिची कदर करणारा. ती त्याला हो म्हणते. फसवायचं म्हणून नाही, त्याच्यावर प्रेम करायचा ती खरोखर प्रयत्न करते. तिच्या मनात कोण आहे हे तोमालाही ठाऊक असतं, ते स्वीकारून तो तिच्याबरोबर चालायला लागतो. आता आठवून बघ, तू रडलीस ती नक्की कुठल्या पानांवर? माझा अंदाज आहे, तो एकटा होता तेव्हाच्या पानांवर नव्हे. तो तिच्या शेजारी होता, तिच्याशी बोलत होता, आणि तिचं लक्ष नकळत दुसरीकडे जात होतं, ते त्याला दिसत होतं, त्या पानांवर. तोमाचे खरे हाल तिच्या होकारानंतर सुरू होतात. तुझ्या मनात दुसरा कोणी नाही, हे मान्य. पण आपल्याला हवं असलेलं माणूस फक्त दयेपोटी आपल्याजवळ आहे, हे माणसाला कळतं गं. चहाच्या टेबलावर समोर बसलेल्या माणसाचे डोळे आपल्याला बघून उजळतात की नाही, हे कुणी सांगावं लागत नाही.

'प्रेम काय नंतरही होईल' हे तू घरात ऐकत मोठी झाली असशील. आपल्याकडे कांदेपोहे होऊन लग्नं ठरली आणि त्यातून खोल माया निर्माण झाली, अशी घरं मीही पाहिली आहेत. पण तिथे दोघंही एकाच ठिकाणाहून निघतात. दोघंही अनोळखी, दोघांच्याही अपेक्षा बेताच्या, आणि दोघंही एकमेकांकडे पाहत सावकाश पुढे जातात. इथे तो कितीतरी पुढे येऊन थांबलाय आणि तू अजून निघालेलीच नाहीस. तो रोज मागे वळून बघणार, तू कुठवर आलीस म्हणून. त्या बघण्याचंच तुला ओझं होईल, आणि मग आज ज्याची कणव येते त्याचाच राग येऊ लागेल.

मग नकार कसा द्यायचा? तुझी खरी अडचण तीच आहे असं मला वाटतं. त्यासाठी चिका उमिनो यांची 'हनी अँड क्लोव्हर' वाच. 2000 ते 2006 या काळातली, 10 खंडांची. टोकियोतल्या कलामहाविद्यालयातल्या मुलामुलींची गोष्ट आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येकाचं प्रेम भलत्याच दिशेला आहे. दुय्यम पात्रांवर जीव टाकणाऱ्या वाचकाला यापेक्षा मोठं घर मला तरी माहीत नाही.

त्यात यामादा आहे. मातीची भांडी घडवणारी, देखणी, दणकट. तिचं प्रेम मायामावर, आणि मायामाचं रिकावर, जी त्याच्याहून मोठी आणि विधवा आहे. एका रात्री यामादा खूप प्यायलेली असते आणि मायामा तिला पाठीवर घेऊन चाललेला असतो. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती म्हणते, मला तू आवडतोस. तो म्हणतो, हं. ती पुन्हा म्हणते. तो पुन्हा म्हणतो, हं. असं कितीतरी वेळ. तिला माहीत आहे की उत्तर बदलणार नाही, त्यालाही माहीत आहे की ती थांबणार नाही, आणि रस्ता संपेपर्यंत दोघं तसेच चालत राहतात. त्या पानांवर मायामाबद्दल रागही येतो आणि येतही नाही. इतकं खरं लिहिलंय ते.

पण पुढचं बघ. मायामा तिला नकार देतो आणि तरी तिची काळजी करणं सोडत नाही. ती कुठे आहे, कुणाबरोबर आहे, याकडे त्याचं लक्ष असतं. नोमिया नावाचा एक जण तिच्या जवळ येऊ लागतो तर हाच अस्वस्थ होतो. मायामा वाईट नाही, त्याची काळजीही खरी आहे. पण त्या काळजीनेच यामादाची जखम ओली राहते. ज्याला विसरायचं तोच येऊन विचारतो, बरी आहेस ना? तू रात्री जी विचारपूस करतेस ती याच जातीची आहे. स्पष्टच सांगते, ते मेसेज बंद कर. त्याला बरं वाटावं म्हणून पाठवतेस असं तुला वाटतं, पण उत्तर आलं की हायसं तुला वाटतं. त्याचा मात्र फोन हातात घेतल्यावर जीव वरखाली होत असेल.

याच गोष्टीत ताकेमोतो आहे. तो सायकल काढून टोकियोहून निघतो आणि पार होक्काइदोच्या उत्तर टोकापर्यंत जातो. परत आल्यावर, जिच्यावर त्याचं प्रेम आहे त्या हागुला सांगतो की तू मला आवडतेस. ती त्याचे आभार मानते. खोटी आशा लावत नाही. माफी मागून मागून आपलं ओझं त्याच्या डोक्यावरही ठेवत नाही. पुढे ताकेमोतो देवळांच्या जीर्णोद्धाराचं काम शिकायला शहर सोडून जातो. शेवटी तो स्वतःलाच विचारतो की जे प्रेम फळलं नाही त्याला काही अर्थ होता का, आणि त्याचं त्यालाच उत्तर मिळतं की होता. हे उत्तर हागु त्याला देऊ शकली नसती. तुझ्या मित्रालाही तू देऊ शकणार नाहीस, आणि तसा प्रयत्न करू नकोस.

तुझ्या 'आत्ता नको, बघू पुढे'ची मात्र दुरुस्ती करायला हवी. तू भिडेपोटी बोललीस, समजू शकते, पण त्यामुळे तो तळ्यात की मळ्यात हे त्याला कळलेलंच नाही. एकदा भेट. ग्रुपमध्ये नको, मेसेजवर नको, त्याच्या वाढदिवसाच्या आसपास तर मुळीच नको. सरळ सांग: 'तेव्हा मी नीट बोलले नाही. तू मनातलं सांगितलंस ते मला मोलाचं वाटतं. पण माझ्या मनात तसं नाही आणि पुढेही तू वाट बघू नयेस.' एवढंच. तू किती चांगला आहेस, तुला कुणीही मिळेल, हे नको. ते ऐकणाऱ्याला टोचतं. कारण विचारलं तर कारण नाही असंच सांग, कारण ते खरं आहे. तो गप्प बसला तर बसू दे. त्याला थोडे दिवस लांब राहायचं असेल तर राहू दे, आणि तो परत ग्रुपमध्ये आला तर सगळ्यांशी वागतेस तशीच वाग.

आपल्याकडे एकतर्फी प्रेमाची बातमी येते ती बहुतेक वेळा हल्ल्याची असते, म्हणून हेही सांगते. तुझ्या पत्रातला मुलगा तसा अजिबात वाटत नाही. 'चालेल' म्हणून मागे सरणारा माणूस आहे तो. पण स्पष्ट नाही म्हटल्यानंतर त्याने पाठलाग केला, जीव देण्याच्या गोष्टी केल्या, मैत्रिणींकरवी दबाव आणला, तर तिथे कणव बाजूला ठेवायची. घरच्यांना सांगायचं, मला लिहायचं, गरज पडली तर पोलिसांत जायचं. तोमाने यातलं काहीही केलं नाही, म्हणूनच तो आपल्याला आवडतो.

मैत्रिणींच्या 'काय कमी आहे'ला उत्तर देत बसू नकोस. त्याच्यात काही कमी नाहीच. प्रश्न त्याच्या गुणांचा असता तर आवडलेल्या प्रत्येक चांगल्या माणसाशी आपण संसार मांडला असता.

आता 'निदान एकाला तरी त्याचं माणूस मिळेल' या तुझ्या वाक्याबद्दल, कारण मला ते सगळ्यात जास्त लागलं. शेवटच्या खंडात उरलेल्या सगळ्यांची घाईघाईने जोडपी लावून टाकणाऱ्या मांगा असतात, मला त्या पटत नाहीत. ज्याच्यासाठी आपण इतके हळहळलो त्याची अशी सोय लावली की त्याचं आधीचं प्रेमच हलकं होतं. याउलट कारुहो शिइना यांच्या 'किमी नी तोदोके'मधली कुरुमी बघ. पहिल्यांदा ती खलनायिकाच वाटते, नायिका सावाकोबद्दल अफवा पसरवते, कारस्थानं करते. पण नायक काझेहायावर तिचं प्रेम खरं असतं. ती त्याला ते सांगते, तो नाही म्हणतो, ती रडते. आणि 30 खंडांच्या त्या कथेत तिला पुढे मिळते ती सावाकोची मैत्री. ज्या मुलीमुळे हरली तिच्याचबरोबर बसून ती प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते. मुख्य कथा 2017 मध्ये संपली, त्यानंतर लेखिकेने कुरुमीवर वेगळी मालिका लिहिली. तिथे ती कुणाची उरलेली बाजू नाही, गोष्टच तिची आहे. कुणीतरी दया येऊन तिला आधीच कुणाच्या तरी गळ्यात बांधलं असतं, तर ती गोष्ट लिहिलीच गेली नसती.

तू आधी मित्राशी बोल. या शनिवार-रविवारीच, लांबवू नकोस. कुरुमीची ती मालिका त्यानंतर वाचायला घे, जपानीतूनच. शाळाकॉलेजातल्या पोरींची रोजची बोली आहे, सरावालाही चांगली. आणि वाचताना रडू आलं तर रूममेटलाही पहिला खंड वाचायला दे.

तुझी,
ताई