आईची परीक्षा घेणारा जिगसॉ

"रोज जिगसॉ जोडायला बसवलं तर आईची स्मरणशक्ती परत येईल का?" डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान झालेल्यांच्या घरून हा प्रश्न मला हमखास येतो. नाही, येणार नाही. डिमेन्शियाचं सगळ्यात नेहमीचं कारण असलेल्या अल्झायमरमध्ये मेंदूतल्या पेशी मरत जातात आणि कुठल्याही खेळानं त्या परत येत नाहीत. हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते, कारण खोटी आशा ठेवली की घरातलं माणूस रोज संध्याकाळी प्रगती मोजायला लागतं आणि रोज निराश होतं.

असंच मोजमाप करून थकलेल्या एक ताई आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पन्नाशीच्या, शाळेत शिकवणाऱ्या. आईची सत्तरी उलटलेली. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी शंभर तुकड्यांचा जिगसॉ आणला. चित्रात अर्ध्याहून जास्त निळं आकाश. आई थोडा वेळ बसायची आणि मग सगळे तुकडे ढकलून द्यायची. म्हणून मोठ्या तुकड्यांचा, फुलपाखराचा आणला, तर आई म्हणाली, "मी काय बालवाडीत आहे?"

"मॅडम, तिला जमत नाहीये की ती मुद्दाम करत नाही?"

त्यांनी मोबाइलवर काढलेला एक व्हिडिओ दाखवला. त्यात ताईंचा आवाज: "हा कुठला रंग? मग तो कुठे बसेल? अगं आई, आत्ता तर सांगितलं!" आईनं तुकडा उचललेला, पण नजर चित्राकडे नव्हतीच. तुकडा एका जागेवर नेऊन ती लेकीच्या कपाळाकडे बघायची. तिथं आठी दिसली की हात मागे. जोडायचं काय आहे हे तिला कळत असो वा नसो, आपण नापास होतोय हे मात्र पक्कं कळत होतं.

जिगसॉचा जन्मच मुळात शिकवणीतून झालेला आहे. 1760च्या दशकात लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे बनवणाऱ्यानं लाकडावर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमांवर कापले, मुलांना भूगोल यावा म्हणून. मुलांसाठी ठीक आहे. ताईंच्या घरी पुन्हा शाळाच भरली होती आणि विद्यार्थिनीला धडा लक्षात राहणं शक्य नव्हतं.

बाजारात मोठ्यांच्या चित्रांचे जिगसॉ बहुधा शेकडो तुकड्यांचे आणि थोड्या तुकड्यांचे बहुतेक लहान मुलांच्या चित्रांचे. म्हणून मी घरीच करायला सांगितला, आईच्याच फोटोचा. फोटो जुना निवडा म्हटलं. या आजारात ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या जास्त काळ टिकतात. आजच्या फोटोतली पांढऱ्या केसांची बाई तिला परकी वाटू शकते. ताईंना एक सापडला: आई शिवणयंत्रावर आणि मागे ठिपक्यांचा फ्रॉक घातलेल्या लहानग्या ताई.

मूळ फोटोला कात्री लावायची नाही. त्याची ए-४ आकाराची प्रत, तीही मॅट कागदावर. चकचकीत कागदावर उजेड चमकतो आणि म्हाताऱ्या डोळ्यांना चित्रच दिसत नाही. प्रत दोन मिलिमीटर जाड पुठ्ठ्यावर पातळ गोंदानं चिकटवायची आणि पुठ्ठ्याच्या मागेही साधा कागद लावायचा, नाहीतर वाळताना पुठ्ठा एका बाजूला वाकतो. रात्रभर जड पुस्तकांखाली. सकाळी मागच्या बाजूनं पेन्सिलीनं बारा तुकडे आखायचे, तीन गुणिले चार, म्हणजे प्रत्येक तुकडा साधारण सात सेंटीमीटरचा. नेहमीच्या जिगसॉसारखे गोल खाचे हातानं कापायच्या भानगडीत पडू नका. हलक्या नागमोडी रेषा पुरतात, फक्त प्रत्येक रेषेचं वळण वेगळं हवं. कटर एकदाच जोर लावून नाही, चार-पाचदा हलका फिरवायचा. आणि रेषा चेहऱ्यावरून जाता कामा नये. आखताना वाकडीतिकडी करा, पण चेहरा अख्खा एका तुकड्यात राहू द्या.

कटर ताईंच्या हातात, कागद चिकटवायचं काम आईकडे, असं ठरलं. ताई नंतर सांगत होत्या: आईनं कागद ठेवला आणि काही न सांगता तळहात मधून कडेला, मधून कडेला फिरवत हवेचे फुगे काढले. जन्मभर कापड सरळ केलेले हात ते. काय काम केलं हे विसरलं तरी हाताला लागलेलं वळण बराच काळ शाबूत असतं.

मांडणीचीही एक युक्ती आहे. गडद कापडावर, किनार असलेल्या ट्रेमध्ये नऊ तुकडे आधीच जोडून ठेवायचे आणि शेवटचे तीन आईच्या हातात द्यायचे. म्हणजे पूर्ण करणारी तीच. मॉन्टेसरीच्या साहित्यामागचा विचार डिमेन्शियासाठी वापरणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅमरन कॅम्प यांचाही भर चुकायला वाव ठेवू नये यावरच आहे. वेळ सकाळची, संध्याकाळी अशा माणसांची चलबिचल अनेकदा वाढते.

आणि प्रश्न बंद. "ही कोण सांग बरं?" हे तर अजिबात नको. त्याऐवजी आपण काहीतरी बोलायचं आणि थांबायचं. ताई म्हणाल्या, "फ्रॉक छान शिवलाय." आई म्हणाली, "मीच शिवला. दोनदा उसवायला लावला हिनं. फार हट्टी पोर."

हे सांगताना ताई रडल्या. "ती पोर मीच आहे, हे तिला माहीतच नाही. सांगायला नको का?" मी नको म्हटलं. सांगून ते टिकणार नाही, उलट आई ओशाळेल. हट्टी पोरीबद्दल आणखी विचारा, "मग काय केलंत?" म्हणा. लेक म्हणून ओळख मिळत नाही याचं दुःख खरं आहे. त्यासाठी आम्ही वेगळ्या भेटी ठेवल्या, त्यात आईचा विषय कमी आणि ताईंचा जास्त.

पुढे बारा तुकडे जड जायला लागले तेव्हा त्याच फोटोच्या दुसऱ्या प्रतीचे सहा केले. तेही नकोसे झाले तर न कापलेला फोटो हातात द्यायचा. तुकडा तोंडात जायला लागला तर जिगसॉ बंद करायचा. पण काल जमत होतं आणि आज अचानक काहीच जमेना, गोंधळ एका-दोन दिवसांत वाढला, असं झालं तर आजार पुढे सरकला असं समजून बसू नका. लघवीतला संसर्ग किंवा बदललेलं औषध यानंही असं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.