क्वार्टरबॅक नसला तरी पुढची फळी बघ

अरे, अमेरिकन फुटबॉलमधल्या तुझ्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा नि चेंडू फेकणारा मुख्य गडी, जायबंदी झाला म्हणून शनिवारचा सामना हरल्यातच जमा धरू नकोस. २०१४ साली ओहायो स्टेट या कॉलेज संघाचा क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर खांद्याच्या दुखापतीनं हंगामाआधीच बाहेर पडला. मग मिशिगनविरुद्ध त्याच्या जागी खेळणाऱ्या जे. टी. बॅरेटचा घोटा मोडला. उरला तिसरा, कार्डेल जोन्स. त्यानं उतरून विस्कॉन्सिनला ५९-० लोळवलं! त्या दिवशी चेंडू घेऊन पळणारा इझिकिएल इलियट २२० यार्ड धावला, कारण पुढच्या फळीनं, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या पाच गड्यांनी, त्याला वाट मोकळी करून दिली. म्हणून धावायचा डाव असला की चेंडूवरची नजर काढ, त्या पाच धिप्पाड गड्यांचे पाय बघ. ते मागे रेटले जात असतील, तर मात्र खरंच काळजी कर. आणि बचाव विसरू नकोस. २०२३मध्ये आपला क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नसताना फ्लोरिडा स्टेटनं लुईव्हिलला १६-६ हरवलं, ते बचावाच्याच जोरावर.