ऑप्टिकल अणुघड्याळाची (लेझरचा प्रकाश अणूंच्या फ्रिक्वेन्सीला जुळवून वेळ मोजणारं घड्याळ) अनिश्चितता कमी करायची तर आणखी भारी लेझर घेतला की झालं का?

नाही. म्हणजे अर्धंच काम होतं. भारी लेझरने सरासरी लवकर बसते, पण घड्याळ ज्या बाजूला चुकतंय त्याच बाजूला चुकत राहतं, फक्त आता जास्त ठामपणे. पोस्टडॉक असताना हे घसा कोरडा करून सांगितलंय म्हणून एवढं लिहितोय.

आमचं घड्याळ स्ट्रॉन्शियमचं, ८१३ नॅनोमीटरची लॅटिस, म्हणजे अणू धरून ठेवणारी लेझरच्या प्रकाशाची जाळी. चेंबरच्या भिंतींतून येणाऱ्या उष्णतेच्या रेडिएशननेच अणूंची फ्रिक्वेन्सी साधारण ५ × १०^-१५ पटीने सरकते. सरकू दे, वजा करता येते, पण अणूंना नक्की किती तापमान "दिसतंय" ते कळायला हवं आणि इथे लागतो तापमानाचा चौथा घात. एक डिग्री चुकलात की ७ × १०^-१७ गेले.

चेंबरवर पीटी-१०० चे (प्लॅटिनमचे, तापमान मोजणारे) चार सेन्सर, चुंबकाच्या कॉइलजवळचा कायम वर, खिडकीजवळचा खाली, फरक ०.६ डिग्री. आमच्या सिनिअरनी रात्रभरची हजारो रीडिंग घेतली, सरासरी काढली, √एन ने (एन म्हणजे रीडिंगची संख्या) भागलं आणि अनिश्चितता लिहिली मिलीकेल्विनमध्ये, म्हणजे डिग्रीच्या हजाराव्या भागात! अहो, तोच सेन्सर दहा हजार वेळा वाचला म्हणून कॉइल थंड होते का? मी म्हटलं, खरं तापमान या ०.६ मध्ये कुठेही सारख्याच शक्यतेने असेल, अशा वेळी सरळ √१२ ने भागा, ०.१७ येतं, म्हणजे १.२ × १०^-१७. तर म्हणे असला आकडा कोण छापणार, आणि नव्या लेझरची कोटेशन मागवली.

रविवारी एकटाच गेलो, खिडकीजवळच्या सेन्सरला बोट लावलं तर तो हलला. कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) सुटलेली, बिचारा निम्मी खोलीची हवा मोजत होता. नीट चिकटवल्यावर फरक ०.४ वर आला, म्हणजे माझाही आकडा चुकलेलाच, पण मी निदान मिलीकेल्विन म्हटलं नव्हतं.

तेव्हा आधी सेन्सर, कॉइलचं पाणी, आणि स्ट्रॉन्शियम तापवणारी भट्टी थेट अणूंच्या नजरेत येतेय का ते बघा. तोक्योत भौतिकशास्त्रज्ञ कातोरींच्या ग्रुपने तर अणू ९५ केल्विनच्या डब्यात नेऊन ठेवले, कटकटच संपवली.

हां, हे स्ट्रॉन्शियमचं झालं. ॲल्युमिनियम आयनला या रेडिएशनचा त्रास फारच कमी, तिथे आयनची हालचाल डोकं खाते. आणि या चुका मोजायलाही चांगला लेझर लागतोच, तुमचा अगदीच जुना असेल तर घ्या की, मी कुठे नको म्हणतोय.