खांदा आलेला बैल रोज रस्त्यात दिसतो, तेव्हा

ताई, तुम्ही लिहिलंय की कॉलेजला जाताना चढावर उसाच्या बैलगाड्या लागतात, त्यातल्या एका बैलाच्या मानेवर मोठी सूज आहे, ती फुटून रक्त येतंय आणि गाडीवान तरी चाबूक ओढतोय. बोलायला गेलात तर भांडण झालं. आता काढलेला व्हिडिओ सगळीकडे टाकावा की पोलिसांत जावं, हे तुम्ही विचारलंय.

मी सांगली-सातारा भागात पशुधन पर्यवेक्षक होतो. त्यातले बारा-तेरा हंगाम ऊसतोडीच्या तळांवर बैल बघण्यात गेले. व्हिडिओ काढलात ते चांगलं केलंत, जपून ठेवा, पण इतक्यात टाकू नका. आपल्याला तो बैल जुवाखालून बाहेर काढायचाय. गाडीवानाची गावभर छी-थू झाली तर तो रस्ता बदलेल, नाहीतर मिळेल त्या किमतीला बैल विकून मोकळा होईल. त्यात बैलाचं काहीच भलं नाही.

तुम्ही पाहिलीत ती खांदेसूज. गाडीवान म्हणतात ‘खांदा आलाय’. सुरुवातीला हात लावला तर गरम लागतं आणि बैल मान काढून घेतो. तेव्हाच आठ-दहा दिवस सोडला तर बहुतेक बैल बरे होतात. तसाच जुंपत राहिलं की आत पू धरतो, नाहीतर गाठ टणक होऊन बसते, मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही. जोडी उंचीला सारखी नसली, जू खडबडीत असलं, गाडी पुढून जड भरली, अवकाळी पावसात कातडी भिजली, की खांदा येतो. सगळ्यात मोठं कारण अर्थात ओझं.

एक बैल माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पहाटे चारची वेळ, तळावर शेकोटी. धन्यानं जू उचललं की तो आपणहून मान पुढे करायचा, इतक्या वर्षांची सवय. त्या दिवशीही केली. जू टेकलं आणि त्याच्या अंगावर मानेपासून मागपर्यंत थरकाप गेला. आवाज मात्र नाही. कुत्रं केकाटतं, बैल ओरडत नाही. तो डोळे ताणतो, लाळ गाळतो, पाय रोवून उभा राहतो. त्या उभं राहण्याला लोक ‘माजलाय’ म्हणतात आणि शेपटी पिरगाळतात. तुम्हाला त्याचं दुखणं दिसलं, याचं मला खरंच बरं वाटलं.

आता गाडीवानाचं. त्यानं मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, पुष्कळदा बैलही त्याच पैशातून घेतलेला असतो. पैसे टनावर मिळतात. बैल एक दिवस दावणीला राहिला की खेप बुडते आणि उचल फिटत नाही. म्हणून एका खेपेत दोन खेपांचा ऊस भरला जातो. यानं मारणं माफ होत नाही. पण ‘तुला दया नाही का’ असं विचारलं की तो अंगावर का येतो, ते यातून कळेल. त्याला ‘बैलाचा खांदा आलाय, डॉक्टर आणू का?’ असं विचारून बघा. मी असं विचारल्यावर नाही म्हणणारा गाडीवान क्वचित भेटला.

डॉक्टरसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा जनावरांच्या उपचारासाठी असलेल्या १९६२ या सरकारी नंबरवर फोन करा. डॉक्टरकडून ‘इतके दिवस कामाला लावू नये’ असं लेखी घ्या. तो कागद घेऊन मुकादमाला आणि कारखान्याच्या शेती विभागाला भेटा. तळ कारखान्याच्या कुठल्या गटात येतो ते तिथला चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या बघणारा कारखान्याचा माणूस, सांगेल. दुसरा बैल मिळेपर्यंत ऊस ट्रॅक्टरनं नेणं त्यांना जमतं, फक्त कुणीतरी लावून धरावं लागतं. २०२२ मध्ये इस्लामपूरजवळच्या राजारामनगरच्या अभियांत्रिकीच्या मुलांनी जुवाला खालून आधार देणारं चाक बनवलं होतं, त्यानं मानेवरचा भार कमी होतो. असं काही करा म्हणूनही कारखान्याकडे मागणी घाला.

कायदा आपल्या बाजूनं आहे, पण त्याचा जोर कमी आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम ११ प्रमाणे मारहाण, जादा ओझं आणि जखमी जनावराला कामाला लावणं हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये. १९६५ चे ओढकामाच्या जनावरांचे नियम जास्त कामाचे आहेत. दिवसाला एकूण ९ तासांच्या वर काम नाही, सलग ५ तासांच्या वर नाही, तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. ओझ्याची मर्यादा बैलाच्या आकारावर आणि गाडीच्या चाकांवर ठरते, पण दोन चाकी गाडीला मोठ्या बैलांसाठीसुद्धा ती दोन टनांच्या आतच आहे. कारखान्यात गाडीचं वजन होतं त्या काट्याच्या अडीच-तीन टनांच्या पावत्या मी स्वतः पाहिल्यात. ती पावती मिळाली तर तुमच्या व्हिडिओपेक्षा भक्कम पुरावा होतो, कारण वजन कारखान्याच्याच काट्यावर झालेलं असतं. मग प्रश्न एकट्या गाडीवानाला विचारला जात नाही.

काही ठिकाणी मात्र थांबायचं नाही. पराणीला (बैल हाकायच्या काठीला) आर म्हणजे टोकदार खिळा लावून टोचणं, डोळ्यावर मारणं, लंगडत्या किंवा बसलेल्या बैलाला मारून उठवणं दिसलं की लगेच ११२ ला फोन करा. आर तर नियमानंच बंद आहे. जनावर जिवे मारलं किंवा कायमचं जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अशा वेळी पोलिसांत तारीख, वेळ, ठिकाण लिहून तक्रार द्या आणि पोच घ्या. एकट्या जाऊ नका, रात्री तर नाहीच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो, हळद-लोणी लावून तोच खांदा चोळतो आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतो. तळावरचे गाडीवानही हे करतात, मनापासून करतात. बोलायला जाल तेव्हा तिथून सुरुवात करा.

आणि बैल सुटला तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा चक्कर मारा. सूज उतरायला लागली की लगेच जुंपतात आणि नवी नाजूक कातडी एका खेपेत सोलून निघते. खांद्यावर केस परत आलेत का बघा. ते येईपर्यंत जू नको, हे डॉक्टरांच्या तोंडून गाडीवानासमोर वदवून घ्या.