रिंगा बदलल्या, आता गाडी कशी चालवायची?

पिस्टनच्या रिंगा (पिस्टनभोवतीच्या, सिलिंडरच्या भिंतीला टेकणाऱ्या कड्या) बदलण्यासारख्या इंजिन कामानंतर काय करायचं, हाच प्रश्न आठवड्यातून चार-पाच वेळा येतो. उत्तरं गॅरेजच्या बाकावर बसलेल्या मंडळींनी आधीच दिलेली असतात, मला फक्त शिक्का मारायला सांगतात. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्र घेतले.

प्र. मोटरसायकलला रिंगा बदलल्या. किती किलोमीटर सांभाळायची? (जुळे सोलापूर)

साधारण पाचशे ते हजार. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो खरा.

प्र. पहिल्यापासून सिंथेटिक ऑइल घातलं तर?

आत्ता नको. साधं मिनरल घाला, ग्रेड पुस्तिकेतली, आणि डब्यावर ‘जासो एमए’ (ऑइलात भिजणाऱ्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) आहे का बघा, कारण बाईकचा क्लच त्याच ऑइलात भिजतो. पहिलं ऑइल लवकर काढायचं असतं, महाग कशाला ओतता?

प्र. शेतावर एटीव्ही (चार जाड टायरांची, हँडलवाली गाडी) आहे. पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या. मेकॅनिक म्हणतो, तीन तास जागेवर स्लो चालू ठेवा, मग आठवडाभर पाव थ्रॉटलच्या वर जाऊ नका. करू का? (मंगळवेढा)

नका करू. या ‘जागेवर चालू ठेवा’ने जेवढी नवी कामं वाया गेलेली मी पाहिली, तेवढी जोरात चालवून गेलेली नाही पाहिली.

रिंगेला स्वतःचा ताण थोडाच असतो. तिला सिलिंडरच्या भिंतीवर दाबतो तो जळालेल्या गॅसचा दाब, आणि तो इंजिनावर लोड असेल तेव्हाच पुरेसा तयार होतो. होनिंग केलेला, म्हणजे दगडाने बारीक घासलेला बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) उजेडात धरा: तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतील. त्यांची टोकं आणि रिंगेची कड एकमेकींना घासून जुळतात, त्यालाच रिंगा बसणं म्हणतात. दाबच नसेल तर रिंग वरवर सरकते, भिंतीवरचं ऑइल भाजून त्याचा चकचकीत थर होतो आणि मग इंजिन ऑइल प्यायला लागतं. असाच एक सिलिंडर ब्लॉक माझ्याकडे उघडला होता. वर आरशासारखा गुळगुळीत, आणि खाली, जिथवर रिंग पोचत नाही, तिथे होनिंगच्या रेघा कालच मारल्यासारख्या. परत होनिंग, परत रिंगा, खर्च दुप्पट. त्यात एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. हवेवर थंड होणारं इंजिन वाऱ्याशिवाय जागेवर तीन तास ठेवायचं म्हणजे शिक्षाच.

चालू करा, दोन-चार मिनिटं गरम होऊ द्या, गळती बघा, बंद करून थंड करा. मग मोकळ्या रस्त्यावर अर्ध्या थ्रॉटलपर्यंत दमानं वेग वाढवा आणि थ्रॉटल पूर्ण सोडून द्या; सोडल्यावर वर खेचलेलं ऑइल रिंगांची घाण धुतं. असं दहा-बारा वेळा, मध्ये विसावा देत. एकाच वेगात बराच वेळ नको, ट्रॉली ओढणं नको, बांध चढवणं नको. एटीव्हीचा हिशोब किलोमीटरपेक्षा तासांत ठेवतात, तेव्हा पहिलं ऑइल किती तासांनी काढायचं ते पुस्तिकेत बघा.

पण त्याआधी मेकॅनिकला विचारा: बोअर मोजला का? रिंग बोअरमध्ये घालून तिच्या तोंडाची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासली का? होनिंगनंतर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने, पांढरं फडकं काळं होईना तोवर धुतला का? ‘हाताला बरा लागला’ असं उत्तर आलं तर गाडी चालवूच नका, ब्लॉक बोअरिंगवाल्याकडून मोजून घ्या. अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये कुठलीच रिंग बसत नाही.

प्र. दुकानदाराने एक बाटली दिली. ऑइलमध्ये घातली की रिंगा दोन दिवसांत बसतात म्हणे. (अक्कलकोट)

परत करा. रिंगा बसायला थोडं घर्षण लागतं आणि हा माणूस तुम्हाला बुळबुळीतपणा विकतोय. वरून क्लच घसरायला लागला तर तोच नवीन प्लेटाही विकेल. पैसे खर्चच करायचे तर एअर फिल्टर बदला. धुळीने रिंगा खाल्लेल्या रोज बघतो.

प्र. काम होऊन चार महिने झाले. सकाळी चालू करताना निळा धूर येतो, मग थांबतो. सगळे म्हणतात, अजून रिंगा बसतील. (मोहोळ)

चार महिने! बसायच्या त्या कधीच बसल्या असत्या. शिवाय सुरू करतानाच येऊन थांबणारा धूर बहुधा व्हॉल्व सीलचा (व्हॉल्वच्या दांड्यावरून ऑइल आत झिरपू न देणाऱ्या रबराचा) असतो. रिंगांचा धूर चालवताना, लोडवरही येत राहतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून घ्या, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, नाही चढला तर हेडकडे (व्हॉल्व असलेल्या वरच्या भागाकडे) बघा. व्हिडिओ पाठवू नका, त्यावरून निदान होत नाही. गाडी दाखवा, आणि तोवर रोज ऑइलची पातळी बघा.

प्र. काम कालच झालं. रविवारी तुळजापूरला जाऊ का? (सोलापूर)

जा, एकटे. घाटात वरचा गिअर रेटू नका, खालचा टाका. मध्ये दोनदा थांबा. आणि निघण्याआधी मेकॅनिकला फोन करून विचारा, पहिलं ऑइल काढायला कधी बोलावलंय. बहुतेक त्याने सांगितलंच नसेल.