मार्लीज की लीफ्स? आधी मिनिटं विचारा

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं. सप्टेंबर २०२५)

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या घरी सध्या एकाच विषयावरून जेवणं गार होतायत. लीफ्सचं, म्हणजे एनएचएल या आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगमधल्या आपल्या टोरोंटोच्या संघाचं, शिबिर सुरू होतंय आणि त्यांचा नवा पोरगा ईस्टन कोवन आता वीस वर्षांचा आहे. माझा मुलगा सोळाचा, स्वतः हाउस लीग खेळतो. त्याचं म्हणणं, लीफ्सचा मार्नर वेगासला गेला, उजवी विंग मोकळी झाली, तर कोवनला थेट स्टार खेळाडू मॅथ्यूजच्या शेजारी उभं करा. मार्नर तरी कुठे मार्लीजमध्ये, म्हणजे लीफ्सच्या एएचएल या खालच्या लीगमधल्या संघात, खेळला होता? मी म्हणतो, वर्षभर मार्लीजमध्ये घासू दे. मी रणजी बघत वाढलेला माणूस, मला ते सरळ वाटतं. यावर मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्हाला सगळंच हळू हवं असतं." तुम्ही दोन्हीकडचे सामने बघता. कोण बरोबर?
— एक बाबा, ब्रॅम्पटन

उत्तर : दादा, भांडण चांगलं आहे, पण पोराला रोज रात्री बर्फावर किती मिनिटं मिळणार आणि कुठल्या कामासाठी, हे तुम्हा दोघांपैकी कुणीच विचारलेलं नाही. माझ्या लेखी सगळं तिथेच ठरतं. वय, ड्राफ्टचा (क्लब पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्याचा) नंबर, शिबिरात मारलेले दोन गोल, हे सगळं त्यानंतर.

आधी तुमच्या रणजीबद्दल बोलू, कारण इथे एक मोठा फरक आहे आणि तो कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. सचिन पंधराव्या वर्षी मुंबईकडून रणजी खेळला, सोळाव्या वर्षी कसोटी. आता कल्पना करा, बोर्डाने त्याला सांगितलंय : विशीपर्यंत रणजी तुला बंद. एक तर कराचीला जाऊन वकार-अक्रम खेळ, नाहीतर परत शाळेत जा आणि हॅरिस शील्डमध्ये तीच पोरं पुन्हा झोडप. कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतल्या मुलांचं नेमकं असंच आहे. सीएचएलमधून, म्हणजे ओएचएल, डब्ल्यूएचएल किंवा क्वेबेकच्या लीगमधून ड्राफ्ट झालेला मुलगा वीसचा होईपर्यंत एएचएलला पाठवता येत नाही. एनएचएलमध्ये ठेवा, नाहीतर ज्युनियरला परत करा. ज्युनियर क्लबांची तिकिटं याच मुलांवर खपतात, म्हणून हा करार आहे. २०२५ च्या नव्या कामगार करारात प्रत्येक क्लबला एकोणीस वर्षांचा एक मुलगा एएचएलमध्ये पाठवण्याची वाट काढली आहे, पण ती २०२६-२७ च्या हंगामापासून.

कोवनच्याच बाबतीत बघा. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये लीफ्सने त्याला अठ्ठाविसाव्या क्रमांकावर घेतलं. त्यानंतरच्या हंगामात ओएचएलमध्ये, ऑन्टारियोतल्या लंडनच्या लंडन नाइट्सकडून ५४ सामन्यांत ९६ गुण (गोल आणि गोलला केलेली मदत, म्हणजे असिस्ट, मिळून), ओएचएलचा सर्वोत्तम खेळाडू. आणि बक्षीस काय, तर पुन्हा ओएचएल! गेल्या शरद ऋतूत ज्युनियर आणि एनएचएलच्या मधली पायरी त्याच्या कामाची होती, पण ती नियमात नव्हती. तो लंडनला परतला, या मे-जूनमध्ये मेमोरियल कप (सीएचएलचं विजेतेपद) जिंकला आणि त्या स्पर्धेचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा तुम्ही ज्याला घाई म्हणताय, त्याची दोन वर्षं तशीही वाट बघण्यात गेलेली आहेत. हा गुण तुमच्या मुलाला द्या.

पण मार्नरचं उदाहरण त्याने जरा जपून वापरावं. मार्नर २०१५ ला चौथा निवडला गेला, वर्षभर लंडनला परत गेला, तिथे जिंकायचं ते सगळं जिंकून आला आणि २०१६ ला थेट वर. खरं आहे, मार्लीजमध्ये एकही सामना नाही. पण वर आल्या आल्या त्याला पॉवर प्ले (समोरचा खेळाडू पेनल्टीत बसलेला असतानाचा खेळ) मिळाला, चांगले साथीदार मिळाले. लीफ्स आदल्या वर्षी लीगमध्ये सर्वांत तळाला होते, जागाच जागा होत्या. मॅथ्यूजही थेट आला, पण तो त्याआधी झुरिकमध्ये वर्षभर मोठ्या माणसांविरुद्ध खेळून आलेला. आणि त्याच वर्षी त्यांच्याबरोबर चमकलेला तिसरा पोरगा, नीलँडर? स्वीडनहून ड्राफ्ट झालेला, त्यामुळे त्याला एएचएलची आडकाठी नव्हती. तो अठराव्या वर्षी मार्लीजमध्ये आला आणि दोन हंगामांचा मोठा भाग तिथेच काढला. दुसऱ्या हंगामात ३८ सामन्यांत ४५ गुण. मी तेव्हा मार्लीजच्या मैदानात, कोलिझियममध्ये, गोलपोस्टच्या मागच्या रांगेत बसायचे. पहिल्या हिवाळ्यात तिशीचे बचावपटू त्याला कठड्यावर चेपायचे, दुसऱ्या हिवाळ्यात ते पोचायच्या आत पक (खेळातली चकती) निघून गेलेला असायचा. २०१६-१७ मध्ये मार्नरचे ६१ गुण, नीलँडरचेही ६१. दोन वाटा, एकच आकडा. घरी हा आकडा मध्ये ठेवून भांडा.

आता घाईचा खर्च कसा असतो ते ड्रायसाइटलकडून शिका. २०१४ ला तिसरा निवडला गेला, एडमंटनने लगेच खेळवला. ३७ सामने, दोन गोल, सात असिस्ट. जानेवारीत त्यांनीच त्याला ज्युनियरला परत धाडलं. तिथे केलोनाकडून त्याने मेमोरियल कपच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान घेतला, अंतिम सामना हरूनसुद्धा. पुढच्या हंगामाची सुरुवात बेकर्सफील्डला, एएचएलमध्ये, जेमतेम आठवडा-दोन आठवडे. मग वर आला तो आलाच. २०२० मध्ये हार्ट ट्रॉफी, म्हणजे एनएचएलच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान. एडमंटनने खाली पाठवलं तेव्हा "पोराचं नुकसान केलं" म्हणून केवढा गहजब झाला होता! नुकसान झालंच असेल तर ते आधीच्या ३७ सामन्यांत.

उलट उदाहरणही देते, नाहीतर म्हणाल ताई बाबांच्या बाजूने तोलतात. माँट्रियलने २०२२ च्या पहिल्या क्रमांकाच्या स्लाफ्कोव्स्कीला खाली पाठवलंच नाही. पहिल्या वर्षी ३९ सामने, चार गोल, मग दुखापत. सगळे ओरडत होते, लावाल्ला, त्यांच्या एएचएल संघात, पाठवा. त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षी वीस गोल, पन्नास गुण. पण तो देहाने दांडगा, फिनलंडमध्ये मोठ्यांच्या लीगमध्ये खेळून आलेला, आणि दुसऱ्या वर्षी त्याला पहिल्या लाइनवर (सर्वांत जास्त खेळवतात त्या तिकडीत) सुझुकी-कॉफील्डबरोबर लावलं. पुन्हा मिनिटंच.

सिअॅटलचं शेन राइट प्रकरण मला सर्वांत बोलकं वाटतं, शिवाय पोरगा आपल्या बर्लिंग्टनचा. २०२२ ला चौथा निवडला गेला. पहिल्या हंगामात वर ठेवला तो बहुतेक रात्री सूट-टाय घालून वरून सामना बघायला. मग एएचएलची छोटी 'कंडिशनिंग' वारी, मग ज्युनियर विश्वचषकात कॅनडाचं कप्तानपद, मग परत ओएचएल. एका वर्षात इतकी दारं. पुढच्या वर्षी त्याला वयाच्या नियमातून खास सूट मिळाली, कारण कोविडमुळे ओएचएलचा एक अख्खा हंगाम बुडाला होता. तो कोचेला व्हॅलीत, वाळवंटातल्या त्या नव्या एएचएल संघात, ५९ सामने खेळला. ४७ गुण. रोज तोच कोच, तीच लाइन, पॉवर प्लेवर तीच जागा. गेल्या हंगामात सिअॅटलला ७९ सामने, ४४ गुण. त्याला एएचएलने बदललं, की कुणीतरी एकदाचं एका जागी ठेवल्याने तो बदलला? मला दुसरं जास्त पटतं.

एएचएल म्हणजे पोरांचा पाळणा, असंही तुमच्या मुलाने समजू नये. तिथे ७२ सामने, बरेचसे शुक्रवार-शनिवार-रविवारी, कधीकधी तिन्ही दिवस. आठवड्यातले मधले दिवस सरावाला मोकळे. एनएचएलमध्ये ८२ सामने आणि प्रवास, नीट सराव व्हायला दिवस सापडत नाहीत. शिवाय एएचएलचा नियमच आहे की बर्फावरच्या अठरा खेळाडूंपैकी किमान तेरा नवखे हवेत, म्हणजे व्यावसायिक सामने ठराविक संख्येच्या आत खेळलेले. उरलेल्या जागांवर ते पस्तिशीकडे झुकलेले दादालोक, ज्यांना आता वर जायचं नसतं आणि कुणाला हसत-हसत कठड्यावर दाबायचं हे पाठ असतं. एएचएल स्वतः सांगते की आजच्या एनएचएलमधले जवळजवळ नव्वद टक्के खेळाडू तिच्यातून गेलेत. जाहिरातीचा आकडा म्हणून थोडा कमी धरा, तरी पुरे आहे.

आणि आपल्या देशी मंडळींसाठी एक नाव. मॅनी मल्होत्रा. वडील भारतीय, स्वतः मिसिसॉगाचा. १९९८ ला न्यूयॉर्क रेंजर्सनी सातवा निवडला आणि अठराव्या वर्षीच संघात ठेवला. पहिल्या हंगामात ७३ सामने, १६ गुण. दुसऱ्या हंगामात २७ सामने आणि एकही गुण नाही, कारण खेळवतच नव्हते. तिथून ग्वेल्फला ज्युनियर, तिथून हार्टफर्डला एएचएल, आणि तिथे २००० चा कॅल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद. पुढे ९९० च्या वर एनएचएल सामने खेळला, पण गोल करणारा म्हणून नाही. फेस-ऑफ (पक टाकून खेळ सुरू होतानाची झटापट) जिंकणारा, पेनल्टीत एक खेळाडू कमी असताना बचाव करणारा म्हणून. त्या दोन वर्षांनी त्याच्यातला गोल करणारा संपवला की तो मुळातच तसा होता, यावर माझ्या शेजारणीशी माझा वाद आहे आणि तो मिटायचा नाही. हाच मल्होत्रा पुढे ॲबट्सफर्ड कॅनक्स या एएचएल संघाचा कोच झाला. जून २०२५ मध्ये त्याने त्यांना कॅल्डर कप जिंकून दिला, आणि त्या संघात सरीचा अर्शदीप बैन्स होता, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. डब्ल्यूएचएलमध्ये सर्वाधिक गुण केले, तेव्हा कुठे व्हँकूवरने करार केला. असा मुलगा एएचएल नसती तर कुठे गेला असता?

असो, कोवन. पैशाचा मुद्दा यंदा निकालात निघालाय. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा दहापेक्षा कमी एनएचएल सामने खेळला तर त्याचा करार वर्षभर पुढे सरकतो, म्हणून क्लब नऊ सामने खेळवून परत पाठवतात. कोवनचा दोनदा सरकला. आता तो विशीचा आहे, तीन वर्षं चालू झाली, मार्लीजमध्ये बसला तरी. वेव्हरचीही भीती नाही, त्याला खाली-वर करताना दुसरा क्लब उचलू शकत नाही. त्याच्या खिशाला मात्र फरक पडतो. २०२५-२६ च्या हंगामात वर वर्षाला किमान ७ लाख ७५ हजार डॉलर, खाली नवख्याला लाखाच्या आतच. दिवसाच्या हिशोबाने कापतात.

मार्नरची जागा मोकळी आहे म्हणता, पण उन्हाळ्यात मॅचेली, रॉय आणि जोशुआ आलेत. लीफ्सचा बेरूबे हा धक्काबुक्की आवडणारा कोच, आणि कोवन काही धिप्पाड नाही. (चिकाटी आहे. ती मोजता येत नाही म्हणून लोक विसरतात.) त्याला तिसऱ्या लाइनवर तेरा-चौदा मिनिटं आणि पॉवर प्लेची दुसरी फळी देणार असतील, तर तुमचा मुलगा बरोबर, ठेवा. चौथ्या लाइनवर आठ मिनिटं देऊन दर तिसऱ्या रात्री बाहेर बसवणार असतील, तर तुम्ही बरोबर. मला स्वतःला वाटतं दुसरं होईल. म्हणून माझं मत नाताळपर्यंत मार्लीज, पहिली लाइन, वीस मिनिटं. वर कुणी जखमी झालं तर बोलवायला कितीसा वेळ लागतो? युनियन स्टेशनहून मार्लीजच्या मैदानापर्यंत गो ट्रेनचं एक स्टेशन.

आणि मुलाला सांगा, ताईंनी वाट बघायला सांगितलेलं नाही, खेळायला सांगितलंय.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, ट्रिपल-ए खेळतो. ओएचएलचा एक क्लब बोलावतोय. नातेवाईक म्हणतात, एकदा ओएचएल खेळला की अमेरिकन कॉलेजची दारं बंद. खरं का?
— एक आई, ओकव्हिल

उत्तर : गेल्या वर्षीपर्यंत खरं होतं. आता नाही. एनसीएएने (अमेरिकन कॉलेजांच्या खेळांची संघटना) नियम बदलला आणि ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलमध्ये खेळलेली मुलंही कॉलेज हॉकी खेळू शकतात. २०२६ च्या ड्राफ्टमधला सर्वांत गाजलेला मुलगा, गॅव्हिन मॅकेना, मेडिसिन हॅटचा ज्युनियर क्लब सोडून पेन स्टेट या अमेरिकन कॉलेजला गेलाय. त्यामुळे तुमच्या नातेवाइकांचा सल्ला जुन्या वर्तमानपत्रातला आहे. सही करण्यापूर्वी करारातलं शिक्षणाचं कलम वकिलाकडून वाचून घ्या, आणि मुलाच्या बारावीचे विषय कोण बघणार हे क्लबला तोंडावर विचारा. उत्तर देताना कोण अडखळतं ते लक्षात ठेवा.

प्रश्न : आई-बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेत. बाबांना एकदा आइस हॉकी बघायची आहे. लीफ्सची तिकिटं परवडत नाहीत.
— एक सून, स्कारबरो

उत्तर : मार्लीज! रविवार दुपारचा सामना निवडा. एक्झिबिशन स्टेशनवर उतरलात की कोलिझियम समोरच, आईंना फार चालायला नको. आत थंडी असते, स्वेटर आणि कानटोपी दोन्ही घ्या. जागा कोपऱ्यातली, कठड्यापासून आठ-दहा रांगा वर घ्या. अगदी पुढून पक दिसत नाही, नुसता आवाज येतो. बाबांना पहिली वीस मिनिटं काही समजावून सांगू नका. ऑफसाइड मध्यंतरात सांगा.