पेशी की कोशिका? आणि 'आदिकेंद्रकी' म्हणजे केंद्रकच नसलेली का?

पुण्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: हिंदी माध्यमातून आलेली मुलं 'पेशी' म्हटलं की स्नायू समजतात, तर वर्गात 'सेल'ला 'कोशिका' म्हणावं का? आणि जिवाणूंसारख्या पेशींसाठीच्या 'आदिकेंद्रकी' (प्रोकॅरिओटिक) या शब्दाऐवजी सोपा 'केंद्रकहीन' शब्द चालेल का?

पहिल्याचं उत्तर: पेशीच म्हणा. मुलांचा गोंधळ मात्र निराधार नाही. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या 500 पेशी मोजल्या आहेत, त्या स्नायूच. हिंदीने हा अर्थ 'मांसपेशी'त जपला. मराठीत त्या जागी 'स्नायू' रुळला आणि पेशी सूक्ष्म घटकासाठी वापरात आली. मुलांना पहिल्याच तासाला हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी लिहून दाखवावेत.

कोशिका हाही अस्सल मराठी पर्याय आहे, विश्वकोशात तो सापडतो. अर्थानेही तो मूळ 'सेल' शब्दाला जवळचा. रॉबर्ट हूकने 1665 मध्ये बुचाच्या पातळ कापात कप्पे पाहिले आणि 'लहान खोली' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांना नाव दिलं. पण पुण्याच्या बालभारतीच्या पुस्तकांत पेशीभित्तिका, पेशीद्रव्य, एकपेशीय, मूलपेशी असं सगळं कुटुंबच पेशीचं आहे. शिवाय कोशिका आणि केशिका (सूक्ष्म रक्तवाहिनी) यांत एका कान्याचा फरक, उत्तरपत्रिकेत तो हमखास चुकतो.

जाता जाता: डेंग्यूच्या दिवसांत आपण 'पेशी कमी झाल्या' म्हणतो, तेव्हा बहुधा प्लेटलेट म्हणजे रक्तपट्टिका अभिप्रेत असतात. त्या पूर्ण पेशी नव्हेत, अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे तुकडे आहेत.

आता 'केंद्रकहीन'. हा शब्द कृपया वापरू नका. आपल्या रक्तातल्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, म्हणजे ती केंद्रकहीन, तरीही ती दृश्यकेंद्रकीच (युकॅरिओटिक, म्हणजे पटलाने वेढलेलं केंद्रक असणाऱ्या पेशींच्या गटातली). घडताना तिला केंद्रक होतं, पुढे ते बाहेर टाकलं गेलं. जिवाणूची गोष्ट वेगळी. त्याचा डीएनए पेशीद्रव्यात एका भागात, केंद्रकाभात, असतो. त्याभोवती पटल कधीच नसतं, आणि तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) किंवा हरितलवक (क्लोरोप्लास्ट) यांसारखी पटलवेष्टित अंगकेही, म्हणजे पेशीतले छोटे भाग, नसतात. त्याचा आकार साधारण 1 ते 10 मायक्रोमीटर, तर दृश्यकेंद्रकी पेशींचा 5 ते 100. 'प्रोकॅरिओटिक'च्या ग्रीक मुळाचा अर्थ 'केंद्रकाच्या आधीची' असा आहे आणि 'आदि' तो नेमका पकडतो.

खरी अडचण 'दृश्यकेंद्रकी'तल्या 'दृश्य' या शब्दाची आहे. 'युकॅरिओटिक'च्या ग्रीक मुळात 'खरं' किंवा 'नीट' केंद्रक आहे, 'दिसणारं' नव्हे. कांद्याचा पापुद्रा न रंगवता पाहिला तर केंद्रक जेमतेम दिसतं, आणि मूल वहीत 'आदिकेंद्रकी' लिहून मोकळं होतं. म्हणून पापुद्रा पाण्यात ठेवून आयोडीनचा एक थेंब द्या, दोनेक मिनिटं थांबा आणि आच्छादन काच तिरपी धरून सावकाश टेकवा. घाई केली तर हवेचे बुडबुडे अडकतात, आणि काळ्या कडेचे ते गोलच मुलं पेशी म्हणून काढतात.